मिनी पीसीवर गेम चालतील का? आधी भावाला विचार, तो खेळतो काय

पत्र थोडक्यात असं: २७ वर्षांची एक वाचक लिहिते की नोकरी लागून दोन वर्षं झाली, आता स्वतःच्या पगारातून १६ वर्षांच्या धाकट्या भावाला वाढदिवसाला कॉम्प्युटर द्यायचाय आणि ते सरप्राइज ठेवायचंय. घर लहान आहे, दोघांत मिळून एकच टेबल, म्हणून मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्याएवढा कॉम्प्युटर, घ्यायचं मनात आहे, स्क्रीन म्हणून घरातला ४के टीव्ही वापरायचा. तिनं सगळ्यात स्वस्तातला एक बघूनही ठेवलाय, त्यावर ‘इंटेल एन१००, १६ जीबी रॅम, ४के सपोर्ट’ असं लिहिलंय. ऑफिसातला मित्र म्हणतो असल्या डब्यांवर गेमिंग होतच नाही, वर्षभर थांब आणि मोठा पीसी घे. व्हिडिओंमधे मात्र तसल्याच डब्यांवर सगळे गेम पळताना दिसतात. ‘ताई, ग्राफिक्स पुरतील की नाही, हो किंवा नाही एवढंच सांग. भाऊ हिरमुसला तर त्याच्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटेल.’

हो किंवा नाही एवढंच सांग म्हणालीस ना, मग आधी तेच सांगते. तू बघून ठेवलेला तो एन१०० वाला डबा गेमिंगसाठी घेऊ नकोस. पण मिनी पीसीवर गेमिंग होतच नाही हे तुझ्या मित्राचं म्हणणंही आता खरं राहिलेलं नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते कळलं की तुझे पैसे वाया जाणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एक गोष्ट शोधत होते, ती काही सापडली नाही. रॅम किती ते लिहिलंस, टेबल केवढं ते लिहिलंस, मित्र काय म्हणाला तेही लिहिलंस, पण भाऊ खेळतो काय? एकाही गेमचं नाव नाही गं पत्रात. आणि ग्राफिक्स पुरतील का हा प्रश्न डब्याबद्दलचा वाटत असला तरी त्याचं अर्धं उत्तर गेममधे असतं. स्टारड्यू व्हॅली किंवा हॉलो नाइट असले गेम तुझा तो एन१०० सुद्धा चालवेल. व्हॅलोरंट, रॉकेट लीग, माइनक्राफ्ट, २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए ५, हे बऱ्या मिनी पीसीवर मजेत चालतात. सायबरपंक २०७७ घेतलास तर त्याच्या किमान गरजेतच ६ जीबीचं जीटीएक्स १०६० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड लिहिलेलं आहे, तिथं मिनी पीसीला दम लागतो, चांगल्यातला असेल तर सेटिंग खाली आणून निभावून नेतो. आणि अगदी नवे काही गेम, म्हणजे २०२४ मधला इंडियाना जोन्स किंवा २०२५ मधला डूम, यांना रे ट्रेसिंगवालं (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या काढणारं) हार्डवेअरच लागतं, ते नसेल तर सेटिंग कितीही खाली आणून उपयोग नाही.

म्हणजे बघ, एकाच डब्याला एक मुलगा ‘भारी आहे’ म्हणेल आणि दुसरा ‘कचरा आहे’ म्हणेल, आणि दोघंही खरं बोलत असतील. तुझा मित्र आणि ते व्हिडिओवाले यांच्यात नेमकं हेच चाललंय.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की सरप्राइजचा हट्ट सोड. हे तुला आवडणार नाही, कळतंय मला. पण १६ वर्षांच्या मुलासाठी कॉम्प्युटर येणार हे समजल्यावर तो निवडण्यात, तुलना करण्यात, रात्री जागून व्हिडिओ बघण्यात जी मजा असते ती काही थोडी नसते, ती तू त्याच्याकडून नकळत काढून घेते आहेस. शिवाय तो हिरमुसेल ही भीती तू एकटीच मनात घेऊन बसली आहेस, त्याला विचारलेलंच नाहीस. सरप्राइज द्यायचंच असेल तर ‘कॉम्प्युटर घ्यायचाय, बजेट एवढं आहे, मोठा डबा ठेवायला जागा नाही, आता तू शोध’ हेच त्याला वाढदिवसाला सांग. आणि ते अगदीच जमणार नसेल तर निदान त्याच्या मित्राला गाठून विचार की त्याच्या घरी गेल्यावर हा काय खेळतो. स्टीमवर, म्हणजे गेम विकत घ्यायच्या ऑनलाइन दुकानात, त्याचं अकाउंट असेल तर कुठला गेम किती तास खेळलाय ते तिथं दिसतंच. तोंडानं मुलं नव्या, मोठ्या गेमांची नावं घेतात, तास मात्र भलत्याच गेमवर गेलेले असतात. तासांवर विश्वास ठेव.

आता डब्यावर लिहिलेल्या गोष्टी. ४के सपोर्ट याचा अर्थ ४के मधे गेम चालतील असा तू घेतलास, आणि तुझी चूक नाही, बरेच जण घेतात. त्याचा खरा अर्थ एवढाच की हा डबा ४के टीव्हीला चित्र पाठवू शकतो, सिनेमा दाखवू शकतो. सिनेमा आधीच तयार असतो, तो फक्त उलगडून दाखवायचा असतो, आणि त्यासाठी चिपमधे वेगळा भागच असतो. गेममधे मात्र प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्यानं काढावं लागतं. सेकंदाला ६० चित्रं हवी तर एका चित्राला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद मिळतात. १०८०पी च्या, म्हणजे फुल एचडीच्या, एका चित्रात साधारण २० लाख ७० हजार ठिपके असतात, ४के मधे त्याच्या बरोबर चौपट, जवळजवळ ८३ लाख. मिनी पीसीनं ४के मधे मोठे गेम खेळायचं विसरच. पण त्यानं टीव्ही वाया जात नाही. बरोबर चौपट असल्यामुळं १०८०पी चं चित्र ४के टीव्हीवर नीट बसतं, गेमच्या सेटिंगमधे १०८०पी ठेवायचं आणि टीव्हीत गेम मोड चालू करायचा, नाहीतर टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते उशिरा दाखवतो आणि भावाला वाटतं डबाच स्लो आहे.

मिनी पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं (काही महागड्यांत असतं, ते सध्या सोडून दे). ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपमधे असतं. त्यामुळं सगळं त्या चिपच्या नावावर येतं आणि नावं फार फसवी आहेत. एन१०० मधे इंटेलचं यूएचडी ग्राफिक्स आहे, मुळात ६ वॉटची चिप, ती इंटरनेट, अभ्यास, सिनेमा यासाठी फार छान आहे, माझ्या ओळखीत कितीतरी जणांना मी तीच घ्यायला सांगते, पण गेमिंगसाठी नाही. त्याच्या वर एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीची जुनी व्हेगा ग्राफिक्सवाली मंडळी येतात, रायझन ५ ५५००यू, रायझन ७ ५८२५यू वगैरे. खरा फरक पडला २०२२ मधे, जेव्हा एएमडीच्या रायझन ६००० सोबत रेडिऑन ६८०एम हे नवं ग्राफिक्स आलं, आणि मग २०२३ मधे ७८०एम. ६८०एम कसं आहे ते कळायला असं बघ, स्टीम डेक नावाचा जो हातात धरून खेळायचा पीसी आहे त्यात याच पिढीची ८ कम्प्यूट युनिट, म्हणजे चित्र काढणारे भाग, आहेत, ६८०एम मधे १२ आहेत. स्टीम डेकची स्क्रीन १२८० बाय ८०० म्हणजे १०८०पी च्या निम्म्याच ठिपक्यांची असते हे खरं, पण त्यावर लोक सायबरपंकसुद्धा खेळतात. म्हणून म्हणते, मित्राचं म्हणणं थोडं जुनं झालंय.

नावाचा सापळा कुठं आहे तर रायझन ७ ७७३०यू आणि रायझन ७ ७७३५एचएस. दोन्ही रायझन ७, दोन्ही ७००० वाले, आकड्यात फरक पाचाचा. पण पहिल्यात जुनं व्हेगा आहे आणि दुसऱ्यात ६८०एम. विकणाऱ्याच्या पानावर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि माणूस स्वस्तातला उचलतो. व्हेगाला रे ट्रेसिंग नाहीच, आणि २०२३ पासून एएमडीनं त्याचे ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळे काढून त्यांना फक्त गरजेपुरते अपडेट द्यायला सुरुवात केली आहे, म्हणजे नव्या गेमसाठी खास सुधारणा त्याला फारशा मिळणार नाहीत. म्हणून ‘रायझन ७’ किंवा ‘आय ७’ वाचून थांबायचं नाही, पूर्ण नंबर घ्यायचा आणि त्यात ग्राफिक्स कुठलं ते शोधायचं. विकणारा पूर्ण नंबर देत नसेल तर तिथून घेऊच नको.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. रॅम किती जीबी यापेक्षा ती किती स्टिकमधे, म्हणजे किती पट्ट्यांत, आहे हे विचार. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते, मिनी पीसीतलं ग्राफिक्स मात्र प्रोसेसरचीच रॅम वापरतं, दोघं एकाच नळावर पाणी भरतात असं समज. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक असेल तर त्या नळातून सेकंदाला २५.६ जीबी येतं. दोन स्टिक असतील तर ५१.२. डीडीआर५ ५६०० च्या दोन असतील तर ८९.६. तुलनेला सांगते, जीटीएक्स १६५० हे काही फार मोठं कार्ड नाही, पण त्याच्या पहिल्या आवृत्तीला एकट्यालाच १२८ मिळतं आणि त्यात कुणाची वाटणी नसते. म्हणजे मिनी पीसीतलं ग्राफिक्स तसंही तहानलेलंच असतं, त्यात एकच स्टिक घातली की त्याचं पाणी निम्मं. एन१०० ला तर नळच एक आहे, तिथं दुसरी वाट नाहीच, म्हणूनही तो नको म्हणाले.

हे मी अनुभवावरून सांगतेय. आमच्या घरी व्हेगावाला मिनी पीसी घेतला, पानावर १६ जीबी लिहिलेलं, पुतण्या रॉकेट लीग खेळायला बसला की गाडी वळवली तरी चित्र अडकून मग वळायची, तो बिचारा सेटिंग खाली खाली आणत राहिला आणि मी मनातल्या मनात डब्यालाच दोष देत राहिले, सहा महिने गेले असेच. मग एकदा धूळ काढायला उघडला तर रॅमच्या दोन खाचा, एक भरलेली, एक रिकामी. तसलीच दुसरी स्टिक आणून लावली, बाकी काही बदललं नाही, आणि त्याच सेटिंगवर गाडी लोण्यासारखी पळायला लागली. विकणाऱ्यानं ८ च्या दोन दिल्या असत्या तर पहिल्या दिवसापासून १६ जीबीतच काम झालं असतं. मला त्या पोराच्या सहा महिन्यांचं अजून वाईट वाटतं.

इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सचं तर असं आहे की रॅमची एकच स्टिक असेल तर विंडोज त्याला आयरिस म्हणतच नाही, साधं यूएचडी ग्राफिक्स दाखवतं. त्यामुळं पानावर आयरिस वाचून घेतलं आणि घरी यूएचडी दिसलं तर लगेच भांडायला जाऊ नको, आधी खाचा बघ. काही डब्यांत रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, ती वाईट नसते, बऱ्याचदा वेगवानच असते, पण नंतर वाढवता येत नाही, म्हणून तशी घ्यायची तर १६ च्या खाली जायचं नाही. हेही लक्षात ठेव की १६ मधले ३-४ जीबी ग्राफिक्स स्वतःला घेतं, उरलेल्यात विंडोज आणि गेम.

तर मग पर्याय काय. तुझ्या बजेटमधे ६८०एम वाला डबा दोन स्टिकसह बसत असेल तर माझ्या मते तोच घे. ७८०एम बसला तर उत्तम, पण तेवढ्यासाठी कर्ज काढण्याइतका फरक नाही, आणि ८९०एम वगैरे त्याच्याही पुढचे डबे आता स्वस्त या शब्दात मोडत नाहीत. फक्त व्हेगापर्यंतच पैसे पोचत असतील आणि भावाची यादी व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग इथंच संपत असेल तर व्हेगाही चालेल, दोन स्टिकची अट मात्र पाळ.

एक पर्याय लोक विसरतात, ऑफिसातून निघालेले जुने छोटे डेस्कटॉप. मिनीच्या चिमुकल्या डब्यांबद्दल म्हणत नाहीये मी, त्यांत कार्डाला खाच नसते. त्यापेक्षा थोडे मोठे, आडवे ठेवता येतात असे, स्मॉल फॉर्म फॅक्टर म्हणतात ते. त्यात बुटकं, लो प्रोफाइल ग्राफिक्स कार्ड बसतं, जीटीएक्स १६५० किंवा ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० अशी कार्डं ७०-७५ वॉटवर चालतात, बुटक्या आवृत्तीला वेगळी पॉवरची वायर सहसा लागत नाही. आरएक्स ६४०० पण बसतं, पण त्याला डेटा जायच्या ४ च वाटा (लेन) आहेत आणि जुन्या, पीसीआय ३ च्या, म्हणजे हळू वाटांच्या बोर्डावर ते मार खातं. हा जोड गेमिंगला मिनी पीसीपेक्षा सरस पडू शकतो. पण मापं घ्यावी लागतात, पॉवर सप्लाय बघावा लागतो, सेकंड हँडचा धोका असतो, आणि प्रोसेसर फार जुना असेल तर विंडोज ११ ला चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपलाय. भावाला उघडझाप करायची आवड असेल तर त्याच्यासाठी हे खेळणं गेमपेक्षाही मोठं ठरेल. तुला एकटीला करायचं असेल तर नको.

मित्राचा सल्ला, वर्षभर थांबायचा, एकाच परिस्थितीत पटतो. भावाची यादी खरंच नव्या, मोठ्या गेमांची असेल आणि त्याला ते खालच्या सेटिंगवर नको असतील. कारण मिनी पीसीत रॅम बदलते, एसएसडी (गेम साठवायची जागा) बदलते, ग्राफिक्स बदलत नाही. काही डब्यांना ओकुलिंक नावाचं पोर्ट असतं, त्यातून बाहेर कार्ड जोडता येतं, पण कार्ड वेगळं, त्याचा पॉवर सप्लाय वेगळा, ते ठेवायचा स्टँड वेगळा, म्हणजे शेवटी टेबलावर मोठा पीसीच आला, फक्त तुकड्यातुकड्यांनी. त्या पोर्टासाठी जास्तीचे पैसे देऊ नको. आणि १६ वर्षांच्या मुलाला वर्षभर थांबवणं हीसुद्धा किंमतच आहे, मित्र ती धरत नाहीये. १६ व्या वर्षी मित्रांबरोबर खेळायचं ते १६ व्या वर्षीच, मग कोण कुठं आणि कोण कुठं.

व्हिडिओ बघताना एवढं कर की कोपऱ्यातलं वाच. १०८०पी आहे का ७२०पी, सेटिंग लो आहे का, एफएसआर चालू आहे का. एफएसआर म्हणजे गेम लहान आकारात काढायचा आणि मग ताणून मोठा दाखवायचा. त्यात फसवणूक काही नाही, मिनी पीसीवर ते वापरायचंच असतं, फक्त माहीत असावं. आणि दोन मिनिटांच्या व्हिडिओत डबा तापलेला नसतो. तासभर खेळल्यावर काय होतं ते दाखवणारा व्हिडिओ शोध. तू तो टीव्हीच्या मागं अडकवणार असशील तर भिंत आणि डबा यात हवा जायला जागा ठेव, कोंडला की तापतो, तापला की वेग कमी करतो आणि पंखा ओरडतो, त्याच खोलीत तू झोपत असशील तर तुलाच त्रास.

डबा घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत करायच्या गोष्टी. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समधे मेमरीवर जा, किती खाचा वापरात आहेत ते तिथं लिहिलेलं असतं, शेजारी वेगही दिसतो. जीपीयूवर गेलीस की ग्राफिक्सचं नाव. ते तू पैसे दिलेस तेच आहे का बघ. मग एएमडीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर. व्हॅलोरंट खेळणार असेल तर विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात, काही मिनी पीसी सिक्युअर बूट बंद ठेवूनच येतात, बायोसमधे, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमधे, जाऊन चालू करावं लागतं. गेम सुरू होत नाही म्हणून डबा परत करणारे लोक आहेत, त्यातला तुझा भाऊ नको. एसएसडी ५१२ जीबीपेक्षा कमी घेऊ नको, एकटं सायबरपंकच ७० जीबी मागतं.

आणि महागडा गेम घ्यायचा झाला तर स्टीमवर घे, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांत मेनूमधे वेळ घालवू नका, थेट गर्दीच्या, मारामारीच्या जागी जाऊन बघा चित्र अडकतंय का. भावाची यादी आली आणि डब्याचा पूर्ण नंबर मिळाला की दोन्ही मला लिहून पाठव, घेण्याआधी एकदा बघून देते.